महिपालचा पत्ता

“तो गुडगाववाला मुलगा नोकरीला लागला ना शेवटी? बरं झालं बाई. समाधानानं गेली.”

तुझ्या शोकसभेनंतर चहाच्या टेबलापाशी कुणीतरी हे म्हणालं. मी पाठमोरी उभी राहून कपात साखर ढवळत होते. दुसऱ्या बाईंनी बिस्किटांचा पुडा फोडला आणि म्हणाल्या, “हो ना, आणि खरा पत्ता सांगून लागला म्हणे. तेच तर तिला हवं होतं.” मी वळले नाही. साखर केव्हाच विरघळली होती, तरी ढवळत राहिले.

शुभाताई, तू समाधानानं गेलीस हे खरं आहे. मी समोर होते. पण महिपाल अजून लागलेला नाही. त्याची निवड झाली, मेडिकल झालं, तू गेलीस तेव्हा पत्त्याची तपासणी तेवढी बाकी होती. कारखान्याचा माणूस घरी येऊन बघून जातो, मग हजर व्हायचं पत्र निघतं. आणि अर्जावरचा पत्ता त्याचा नाही. आमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरचा आहे. तो मी लिहिला.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली होती. “तू जवळची, तू लिही.” ती लिहून दिली. त्यात तुझा जन्म, तुझी नाटकं, तुझी मंत्रालयातली नोकरी सगळं नीट आहे. हे त्यात मावणारं नव्हतं. कधी कुणाच्या हाती पडलंच तर म्हणून महिपालचं नाव बदललं आहे. क्वार्टरचा नंबरही लिहिणार नाही. तुझं नाव मात्र बदलवेना.

बाबांनी मला तुझ्याकडे आणलं ते आठवतं? मी तीन इंटरव्ह्यू देऊन आले होते आणि तिन्ही ठिकाणी माझं इंग्रजी चांगलं असूनही मला घेतलं नव्हतं. बाबा तुझ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये माझ्यादेखत म्हणाले, “हिला इंग्रजी उत्तम येतं. फक्त बोलत नाही.”

“मराठीत बोलत नाही की इंग्रजीत?” तू विचारलंस.

“कशातच नाही.”

“मग चांगलं आहे. भाषेचा दोष नाही.”

मला हसू आलं होतं. ते दिसू नये म्हणून मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. तू ते पाहिलंस, आणि रविवारी सकाळी धौला कुआंच्या स्टॉपवर ये म्हणालीस.

त्या रविवारी मी पहिल्यांदा गुडगावातलं ते गाव पाहिलं. चारी बाजूंनी काचेच्या इमारती उठत होत्या आणि मध्ये ते होतं, म्हशींसकट. गावाच्या चौपालवर, म्हणजे चावडीवर, बारा-पंधरा मुलं आणि भिंतीला चिकटून बसलेल्या चार मुली. कुणी आयटीआय झालेलं, कुणी बारावी, कुणी बी. ए. सगळे घरी. ज्या शेतांवर त्यांनी काम केलं असतं त्यांवर आता त्या इमारती होत्या, आणि इमारतींत त्यांना काम नव्हतं. तू त्यांना नाटक शिकवणार होतीस, म्हणजे इंटरव्ह्यू शिकवणार होतीस. तुझ्या मते ते एकच होतं.

“मुझे मैडम मत कहना,” तू म्हणालीस. “ताई कहो.”

सगळी चौपाल हसली. मला कळेना काय झालं. तुलाही कळलं नव्हतं. मग मागून एक उंच मुलगा उठला, हात जोडून, अगदी गंभीर चेहऱ्यानं. “पक्का ताई कहें? हमारे यहाँ तो बाप के बड़े भाई की घरवाली को ताई कहते हैं जी. जो खाट पे बैठ के सबको गाली देवै.”

तू मोठी बहीण व्हायला गेली होतीस. एका शब्दात त्यांनी तुला थोरली काकू करून टाकलं. तू चाळिशीची, केस नुकतेच काळे करून आलेली. क्षणभर तुझा चेहरा बघण्यासारखा झाला. मग म्हणालीस, “गाली मुझे भी आती है. तू पहले नाम बता.”

“महिपाल.”

“तो महिपाल, खाट ला.”

त्या चुकीचा फायदा आपल्याला नंतर कळला. मोठ्या बहिणीकडे त्या मुलींना कुणी पाठवलं नसतं. ताईकडे पाठवलं. एका मुलीची आजी तिला स्वतः सोडायला यायची आणि तुझ्याकडे बोट दाखवून गल्लीत सांगायची, “ताई धोरै जा री सै.” ताईकडे चाललीय, म्हणजे वेगळी परवानगी कशाला.

खाट तू उभी करायला लावलीस. चौपालला दार नव्हतं आणि तुला एन्ट्री हवी होती. दोघांनी बाजेचे पाय धरायचे, तिसऱ्यानं तिच्यावर ठोकायचं आणि “मे आय कम इन सर” म्हणत आत यायचं. बाज धरणारे हसायला लागले की बाज हलायची. “ताई, दरवाज़ा हँस रहा है,” कुणीतरी ओरडायचं. आणि आत खुर्चीवर साहेब म्हणून मी. माझं इंग्रजी तुला तिथे हवं होतं. मी कागदावरून प्रश्न वाचायचे. “मने,” तू मागून म्हणायचीस, “तू साहेब आहेस, टेलिफोन डिरेक्टरी नाहीस.”

पण तुझं खरं म्हणणं वेगळं होतं. इंटरव्ह्यू द्यायच्या आधी प्रत्येकानं साहेब होऊन बघायचं. साहेबाला सकाळपासून बारा जण भेटले आहेत, त्याला भूक लागली आहे, त्याच्या वरच्या साहेबानं त्याला झापलं आहे. “उसकी तरफ़ से देखो, डर आधा हो जाएगा.” खरंच व्हायचं. भिंतीजवळच्या त्या चार मुलींपैकी एक जण साहेब होऊन अशी काही बोलली की पुढच्या रविवारी तिच्याशी बोलताना मुलं सरळ बसायला लागली. ती आता एका दवाखान्यात रिसेप्शनवर आहे. तू हे सगळ्यांना सांगायचीस. ती तिथे गेल्यापासून तिच्या आवाजात कुणी गावाकडचं काही ओळखू शकत नाही, हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तुला ते आवडलं नसतं.

महिपालला काहीच शिकवावं लागलं नाही. तो फिटर होता, हुशार होता, त्याचं बोलणं गोड होतं. मानेसरच्या कारखान्यांत सात ठिकाणी जाऊन आला होता. प्रत्येक ठिकाणी सगळं नीट व्हायचं, मग शेवटी विचारायचे, “कहाँ से हो?” हा म्हणायचा, “जी, यहीं से.” आणि फाइल बंद. त्याच्याच वर्गातला बिहारचा मुलगा, ज्याला हा प्रॅक्टिकल शिकवायचा, त्याला पहिल्याच ठिकाणी घेतलं. एका गेटवरच्या गार्डनंच त्याला सांगितलं, “भाई, लोकल नहीं लेते. लोकल इकट्ठे हो जाते हैं.”

तू त्याला साहेबाच्या खुर्चीत बसवलंस. “अब तू बता, साहब. लोकल क्यों नहीं?”

तो पाय पसरून बसला, डोळे मिटले, आणि जांभई देत म्हणाला, “क्योंकि छुट्टी काटूँगा तो शाम को इसका चाचा गेट पे आ जाएगा. बिहारवाले का चाचा हज़ार किलोमीटर दूर है.”

सगळे हसले. मग कुणीच हसेना. तू काहीतरी म्हणशील म्हणून आम्ही वाट पाहत होतो. तू नेहमी म्हणायचीस, साहेबाच्या बाजूनं बघा. त्यानं बघितलं होतं. त्या बाजूनं बघितलं तर त्याला न घेणंच बरोबर दिसत होतं. “आज इतना ही,” तू म्हणालीस, आणि दुपट्टा शोधायला लागलीस. तो तुझ्या खांद्यावरच होता.

परतीच्या बसमध्ये आपलं भांडण झालं. मी कुणाशी भांडण्याची ती पहिलीच वेळ असावी. तीसुद्धा खिडकीबाहेर बघत.

“ताई, त्यानं दुसरा पत्ता द्यावा.”

“कुठला?”

“कुठला पण. दिल्लीचा. आमच्या घरचा पण चालेल.”

“कुठलाही म्हण. खोटा पत्ता?”

“तू ॲक्टिंगच तर शिकवतेस.”

तू चष्मा काढलास. बसमध्ये इतकी धूळ की पुसून उपयोग नव्हता, तरी पुसलास. “नाटकात खोटं चालतं, कारण समोरच्याला माहीत असतं की हे नाटक आहे. तो तिकीट काढून येतो. हे तसं आहे का?”

“त्याला नोकरी पाहिजे यार, ताई.”

“त्याला लागावी असं मला वाटत नाही का? पण त्याचं गाव लपवून त्याला लागली, तर उद्या त्याचा भाऊ आला की काय सांगशील? परवा त्याचा चुलतभाऊ. सगळं गाव तुमच्या क्वार्टरमध्ये राहायला आणशील?”

“एकाचं तरी होईल.”

“एकाचं,” तू म्हणालीस. इतक्या हळू की मला राग आला. मी म्हटलं, “तुझ्याकडे दुसरं काही आहे का?” असं मी तुला बोलले. तू उत्तर दिलं नाहीस. कंडक्टर धौला कुआं, धौला कुआं ओरडला. तुझी बस वेगळी, माझी वेगळी. उतरताना तू म्हणालीस, “पुढच्या रविवारी बोलू.”

पुढच्या रविवारी तुला ताप होता. त्याच्या पुढच्या रविवारी तू ॲडमिट होतीस. ते बोलणं राहिलं.

तू नसताना वर्ग मीच घेत होते. घेत होते म्हणजे काय, येऊन बसायचे. मला गाणी येत नव्हती, नकला येत नव्हत्या, ओरडता येत नव्हतं. मुलं तरी यायची. माझ्या हातात असलेलं एकच काम मी करायचे, ते म्हणजे अर्ज भरणं. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत माझा अर्ज छापल्यासारखा दिसतो. एका सकाळी महिपाल मानेसरच्या आणखी एका कारखान्याचा अर्ज घेऊन आला. मी त्याला वडिलांचं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. पत्ता विचारला नाही. लिहिला. माझा हात थांबलासुद्धा नाही, ताई. मी इतकी वर्षं तो पत्ता प्रत्येक फॉर्मवर लिहीत आले आहे, तो आपोआपच उतरला, असं मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. तसं नव्हतं. मी ठरवून लिहिला. त्याचं आयटीआय दिल्लीतलं होतं, त्यामुळे कागद जुळत होते. त्यानं न वाचता सही केली.

इंटरव्ह्यूचं पत्र आमच्या घरी आलं. तो न्यायला आला तेव्हा पाकिटाकडे बराच वेळ बघत राहिला.

“मैडम, यह तो आपका घर है.”

मी मागचं दार ओढून घेतलं.

“ताई को पता है?”

मी मान हलवली. नाही.

मला वाटलं तो पत्र परत देईल. तो त्या पाकिटाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, “पूछेंगे तो क्या बोलूँगा? मुझे तो यहाँ का कुछ पता नहीं.”

मग मी त्याला शिकवलं. आमच्या सेक्टरच्या मार्केटमध्ये तीन संध्याकाळी त्याला फिरवलं. दूध कुठे मिळतं, बस कुठली लागते, पाणी किती वाजता येतं, शाळेची भिंत कुठे संपते. “घर के सामने क्या है?” “नीम का पेड़.” “और?” “और टूटी हुई बेंच, जिस पे वर्मा अंकल बैठते हैं.” “कब बैठते हैं?” “सुबह. अख़बार उल्टा पकड़ के.” हे शेवटचं मी सांगितलं नव्हतं. त्यानं स्वतः पाहिलं होतं. मी मोठ्यानं हसले. माझ्याकडून प्रश्न भराभर येत होते, कागद नव्हता, तो उत्तराला अडला की मी साहेबासारखी भुवई वर करत होते. तुला सांगायला लाज वाटते. ती मी घेतलेली सगळ्यांत चांगली तालीम होती. तू हवी होतीस बघायला, असं तेव्हा मनात आलं, आणि मग ते काय आहे ते आठवलं.

हॉस्पिटलमध्ये तो लाडूंचा डबा घेऊन आला. तू उशीला टेकून बसली होतीस, हातात सलाइनची सुई, चेहरा इतकासा झालेला.

“ताई, हो गया.”

तू त्याचं मनगट धरलंस. पहिला प्रश्न कुठला विचारशील ते मला माहीत होतं. “पूछा, कहाँ से हो?”

“पूछा.”

“फिर?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तुझ्याकडे. “बता दिया, ताई.”

तो खोटं बोलला नाही. त्यानं सांगितलं होतंच. पण तू जे ऐकलंस ते वेगळं होतं. तुझे डोळे भरून आले आणि तू माझ्याकडे वळून म्हणालीस, “बघ मने! हरलीस ना?” आणि हसायला लागलीस, मग खोकायला, मग परत हसायला. नर्सला सांगितलंस, शेजारच्या बेडवरच्या आजींना सांगितलंस. पहिला लोकल. सच बोल के. नर्स मल्याळी होती, तिला अर्धंच कळलं असेल, पण तिनंही लाडू घेतला.

मी तुझ्या पायांवरची चादर सारखी केली. एक टोक, मग दुसरं टोक. बोलायला मला पुष्कळ वेळ होता, ताई. भेटायची वेळ संपायला वीस मिनिटं होती. त्यानंतर चार दिवस होते.

तेव्हा मला वाटलं, हे तिला सुखानं राहू द्यावं. आता वाटतं, मी फक्त घाबरले होते, आणि घाबरण्याला दया म्हणून टाकलं. कुठलं खरं हे विचारायला तूच हवीस. तू माझ्या मराठीतल्या चुका काढायचीस. मी “मी गेली, मी आली” म्हणायचे, तू दर वेळी “गेले, आले” म्हणायचीस, न चिडता, जणू मला आठवण करून देत्येस. आता मी कधीच चुकत नाही. ह्याच्यासाठी तुझे आभार कधी मानले नाहीत. ते इतकं छोटं होतं की कधी मानावेत हेच कळलं नाही.

तू गेल्यावर नवव्या दिवशी मी चौपालवर गेले. महिपालचा धाकटा भाऊ उभा होता. सोबत आणखी तिघं. हातात अर्ज. चौघांचंही लिहून झालं होतं, माझ्यासारख्याच कॅपिटल अक्षरांत गिरवलेलं. पत्त्याची जागा तेवढी रिकामी.

“मैडम, हमारा भी वही भर दो.”

तू बसमध्ये म्हणाली होतीस तेच. भाऊ, मग चुलतभाऊ. मला वाटत होतं तू उगाच वाढवून सांगतेस. मी त्यांना म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू. ते बरं म्हणाले. कुणी वाद घातला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. ते चार अर्ज माझ्या कपाटात आहेत. त्यांचं काय करायचं मला माहीत नाही. तुला माहीत होतं असंही नाही. त्या दिवशी बसमध्ये तू उत्तर दिलं नव्हतंस, आणि मी तुला ते विचारल्याची मला इतकी लाज वाटते की तुझ्याकडेही उत्तर नव्हतं हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आणि परवा तपासणीचा माणूस आला.

शनिवार होता. बाबा घरी होते. गेल्या महिन्यात आमच्याच ब्लॉकमधल्या एकांनी खोली भाड्यानं दिली म्हणून त्यांचं क्वार्टर काढून घेतलं, तेव्हापासून बाबा पाहुणा दोन दिवस राहिला तरी अस्वस्थ होतात. सरकारी कागदावर त्यांनी आयुष्यात एक खोटी ओळ लिहिलेली नाही. बेल वाजली आणि मी दार उघडलं. एक तरुण माणूस, बगलेत फाइल, हेल्मेट कोपरात अडकवलेलं.

“महिपाल सिंह यहीं रहते हैं?”

त्यानं दारावरची पाटी वाचली. साठे. मग फाइल वाचली. मग परत पाटी.

“यह तो सरकारी मकान है ना? किराये पे रखा है?”

आतून बाबांच्या चपलांचा आवाज आला. “कोण आहे गं?”

मी वळून पाहिलं. बाबा पॅसेजमध्ये होते, हातात वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या माणसानं त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, इथे असं कुणी राहत नाही. आणि ते खरं होतं. तू असतीस तर तूही तेच म्हणाली असतीस. चार पावलांवर बाबा होते. तुम्ही दोघं बरोबर होतात आणि महिपालची नोकरी त्या फाइलमध्ये होती, आणि माझ्याशी भांडायला तू नव्हतीस. ताई, मला बरोबर काय ते ठरवता आलं नाही. मला फक्त बाबांच्या आधी बोलायचं होतं.

वरच्या मजल्यावरच्या बाईसुद्धा कठड्यापाशी आल्या, इतक्या मोठ्यानं मी बोलले.

“हाँ जी, यहीं रहता है. किरायेदार नहीं, घर का लड़का है. लिख लीजिए.”